नमुना क्रमांक सात आणि इंदुबाईंची वाटी

अळंबीतज्ज्ञ ही पदवी मला कुठल्या विद्यापीठाने दिलेली नाही. ती मी स्वतःच घेतली. निवृत्तीनंतर लोक योगासनं शिकतात, गुडघे बदलून घेतात, मी पदवी घेतली. त्यात एवढं वाईट वाटण्यासारखं काय आहे, हे आमच्या हिला मला अजून पटवता आलेलं नाही. ही म्हणजे श्यामला. तिचं म्हणणं असं की, चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाने साठीनंतर ओल्या ओंडक्यापाशी पालथं पडून भिंगातून बघत बसणं बरं दिसत नाही. आणि तेही नारायण पेठेत, जिथे शेजारी अजून एकमेकांकडे बघतात.

पण पालथं पडल्याशिवाय अळंबी कळत नाही, त्याला मी काय करू? तिचं जे काही असतं ते टोपीच्या खाली असतं. वरून बघतो तो गिऱ्हाईक, खालून बघतो तो तज्ज्ञ. हे वाक्य माझं आहे आणि ते मी बऱ्याच ठिकाणी वापरलेलं आहे.

माझं या विषयातलं शिक्षण म्हणजे बुधवार पेठेतून आणलेली तीन जुनी पुस्तकं, मोबाइलवरचे काहीशे व्हिडिओ आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. तीन पुस्तकांपैकी एक युरोपातल्या अळंब्यांवर आहे, म्हणजे आपल्याकडे निरुपयोगी, पण चित्रं सुरेख आहेत. ग्रुपवर डॉ. भाग्यश्री म्हणून वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका आहेत. कुणी फोटो टाकून 'ही कोणती?' असं विचारलं की त्या विचार करायला लागतात. तेवढ्यात मी उत्तर देऊन मोकळा होतो. मग माझ्या उत्तराखाली त्या एवढंच लिहितात, 'ठसा घेतलात का?' या बाईंना ठशाचं भलतंच वेड आहे, असं माझं तेव्हा मत होतं.

मध्यंतरी मला वाटलं, आपल्या ज्ञानावर एखादा शिक्का असावा. जन्मभर शिक्के मारल्यामुळे बिनशिक्क्याची कुठलीही गोष्ट मला उघडीबोडकी वाटते. एका सरकारी कार्यालयात अळंबी लागवडीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळतं असं कळलं, म्हणून गेलो. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "शिक्षण?"

"या विषयातलं म्हणाल, तर स्वयंशिक्षित."

"तसा रकाना नाही. जमीन किती?"

"जमीन नाही. गॅलरी आहे. आठ बाय तीन."

"सातबारा आणा."

"गॅलरीचा?"

"ज्याची असेल त्याचा आणा," असं म्हणून त्यांनी खिडकी जेवणासाठी बंद केली. तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर चिडला असता. मला मात्र जुन्या खात्याची आठवण येऊन भरून आलं.

प्रमाणपत्राचा नाद सोडून मी सरळ संशोधनाला हात घातला. 'नारायण पेठेतील अळंब्या : एक पाहणी' असं वहीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि दीड महिन्यात सहा नमुने नोंदले. पहिला एका वठलेल्या नारळाच्या बुंध्यावर मिळाला. दुसरा आमच्याच न्हाणीघराच्या चौकटीवर मिळाला, पण तो प्रसिद्ध करायला श्यामलाचा विरोध आहे. बाकीचे चार कुठे मिळाले ते सांगत नाही, कारण त्या घरांतल्या लोकांचाही विरोध असणार.

या कामाने बिल्डिंगमधली माझी किंमत एकदम वाढली. श्रावण लागला तशा जिन्यात मला अडवून बायका विचारायला लागल्या, "अहो, मशरूम उपासाला चालतं का?" मी क्षणभर डोळे मिटून घेई आणि मग "नाही" म्हणे. त्या मिटलेल्या डोळ्यांचा फार परिणाम होत असे. पण माझ्यावर खरी श्रद्धा होती ती दुसऱ्या मजल्यावरच्या नागोरावांची. नागोराव परभणीकडचे, एसटीत ड्रायव्हर होते. मुलगा आयटीत लागला म्हणून नवरा-बायको सहा वर्षांपूर्वी पुण्यात आले. माणूस अंगाने दांडगा आणि मनाने अगदी साधा. एकदा मी नारळाच्या बुंध्यापाशी पडलेला असताना ते शेजारी येऊन उकिडवे बसले.

"साहेब, खायची कोणची आन् मारणारी कोणची, हे कसं वळखायचं?"

"सवय लागते," मी पडल्यापडल्याच म्हणालो. "मला एका नजरेत कळतं."

"एका नजरंत?"

"एका."

नागोरावांनी ही गोष्ट पुढच्या दोन दिवसांत सगळ्या बिल्डिंगला सांगितली. मी त्यात दुरुस्ती केली नाही. कोण करतो?

तर नमुना क्रमांक सात. श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी तो आमच्या सोसायटीच्या उद्यानात उगवला. पार्किंग आणि भिंत यांच्यामध्ये जी गवताची पट्टी उरली आहे तिला कागदोपत्री उद्यान म्हटलेलं आहे, म्हणून आम्हीही म्हणतो. तिथे अर्धवर्तुळात नऊ अळंब्या उभ्या होत्या. थाळीएवढ्या, पांढऱ्याशुभ्र, वर तपकिरी खवले. इतका देखणा नमुना पेठेत याआधी कुणी पाहिला नसेल. मी पालथा पडणार एवढ्यात मागून आवाज आला, "आपण कुणाच्या परवानगीने पडत आहात?"

हे आमचे चेअरमन वाकणकर. बँकेतून निवृत्त झाले, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही.

"नमुना घेतोय," मी म्हणालो.

"जागा सामाईक. जागेत उगवलेलं सामाईक. अर्ज करा."

मी अर्ज केला. कारण, संख्या, वापराचा उद्देश, तीन प्रतींत. चौतीस वर्षं खिडकीच्या आत बसलेला मी आता दुसऱ्यांदा बाहेरच्या बाजूला उभा होतो. उद्देशाच्या रकान्यात 'अभ्यास' लिहिलं. वाकणकरांनी संध्याकाळी खाली सही केली आणि कंसात लिहिलं, 'फक्त'. तोवर उद्यानाभोवती पाच-सहा जण जमले होते आणि प्रत्येकाकडे माहिती होती. तळमजल्यावरचे आमोद म्हणाले की चांदीचं नाणं टाकून शिजवायचं, काळं पडलं तर विषारी. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या की लसूण टाकायची. आणखी एकाने सांगितलं की किडा लागलेला असला तर बिनधास्त खावी, किड्याला कळतं. यातलं सगळं चूक आहे, एवढं मला पुस्तकावरून माहीत होतं. बरोबर काय, तिथे पुस्तकं जरा तुटक होती. या दिसण्याच्या दोन अळंब्या असतात. एक खायची आणि एक खाल्ली की पस्तावायची. फरक फक्त ठशात. टोपी कापून कागदावर पालथी ठेवायची, वर भांडं झाकायचं. आठ-दहा तासांत तिच्यातली भुकटी कागदावर झडते. ठसा पांढरा आला तर खायची, हिरवा आला तर दुसरी.

आता झाकायला भांडं कुठून आणायचं? आमच्या घरातल्या वाट्यांना हात लावायची मला बंदी होती. नमुना क्रमांक तीनच्या वेळी श्यामलाने सकाळी वाटी उचलली, त्यात पुरणपोळीबरोबरचं तूप घेतलं आणि मग मी तिला सांगितलं की खाली काय होतं. त्या दिवसापासून बंदी. पण ओट्याच्या कडेला इंदुबाईंची वाटी होती. इंदुबाई म्हणजे नागोरावांच्या सौभाग्यवती. त्यांनी दहा दिवसांपूर्वी शेंगदाण्याची चटणी पाठवली होती. वाटी घासून ठेवलेली, बुडाला 'सौ. इंदुबाई ना.' अशी ठसठशीत अक्षरं कोरलेली. ती परत गेली नव्हती, कारण शेजारणीची वाटी रिकामी द्यायची नसते आणि तीत घालण्यासारखं काही श्यामलाला दहा दिवसांत सुचलं नव्हतं. मी तीच घेतली. टेबलावर अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर त्यातल्या सगळ्यात लहान अळंबीची टोपी ठेवली आणि कागदावर ठळक लिहिलं, 'नमुना क्र. ७. ओळख पटलेली नाही. कृपया हात लावू नये.' वर इंदुबाईंची वाटी पालथी घातली. उरलेल्या आठ अळंब्या शेजारी ताटात जाळीखाली ठेवल्या. माझ्या दृष्टीने व्यवस्था चोख होती.

सोमवारी सकाळी अकराला मी ठसा नीट बघता यावा म्हणून बुधवारात नवं भिंग आणायला गेलो. इकडे साडेअकराला इंदुबाई खाली आल्या. त्यांच्या सहा वाट्यांचा सेट आहे आणि संध्याकाळी सोमवार सोडायला पाहुणे यायचे होते. श्यामला आतल्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होती. बहिणीशी बोलताना ती उठत नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. तिने आतूनच सांगितलं, "टेबलावर आहे बघा वाटी, घेऊन जा."

इंदुबाईंनी पाहिलं. त्यांच्या नावाची वाटी. उचलून बघितली तर खाली अळंबी. शेजारी ताटात तसल्याच आणखी. पुण्याची माणसं रिकामी वाटी द्यायची नाहीत, हे त्या सहा वर्षांत शिकल्या होत्या. शिवाय घर अळंबीतज्ज्ञाचं. त्यांनी वाटी घेतली, कागदावर काय लिहिलंय ते न बघताच वाटीखालची आणि ताटातल्या सगळ्या पदरात घेतल्या, "कशाला बाई एवढं!" असं आतल्या दिशेने म्हणाल्या आणि गेल्या. श्यामलानेही आतून "अहो, त्यात काय!" असं उत्तर दिलं. तिला वाटलं, वाटी रिकामी गेली म्हणून टोमणा आहे.

मी पावणेदोनला घरी आलो. ताट रिकामं. वाटी नाही. कागदावरची माझी सूचना मात्र जिथल्या तिथे, स्वच्छ वाचता येण्यासारखी. ती वाटीच्या खाली लिहिली होती हे तेव्हा प्रथम माझ्या ध्यानात आलं.

"श्यामला, अळंब्या कुठेत?"

"मला काय माहीत? इंदुबाई वाटी घेऊन गेल्या, बस."

कागद हातात घेऊन मी दोन मजले कसे चढलो ते मला आठवत नाही. नागोराव दिवाणावर लवंडले होते. समोर ताटात भाकरीचा तुकडा आणि दाण्याच्या कुटाचा रस्सा लागलेली रिकामी वाटी. इंदुबाईंचा सोमवार असल्यामुळे त्यांनी खाल्लं नव्हतं. मुलगा सकाळीच डबा घेऊन गेला होता. म्हणजे नऊच्या नऊ अळंब्या एकट्या नागोरावांच्या पोटात होत्या.

"या साहेब!" ते ढेकर देत म्हणाले. "लई झ्याक झाल्ती. आमच्या घरी मटणाला अशी चव येत न्हाई."

"नागोराव, उठा. दवाखान्यात चला."

"कोण आजारी हाय?"

"तुम्ही."

"मी? मला काय झालं?"

मी जमेल तसं सांगितलं. नमुना, ठसा, ओळख पटलेली नाही. इंदुबाईंनी तोंडाला पदर लावला. नागोराव मात्र हसले. "आवो, तुमच्या घरची हाय. तुमच्या टेबलावर हुती. तुम्हाला एका नजरंत कळतंय. मग भ्याचं काय कारण?"

आमचे आवाज ऐकून जिन्यात माणसं जमली. आमोद आले, त्यांच्या सासूबाई आल्या, वाकणकर तर अर्जाची प्रत घेऊनच आले. सल्ले सुरू झाले. ताक द्या. तूप द्या. उलटी काढा. उलटी मुळीच काढू नका. वाकणकर म्हणाले, "परवानगी अभ्यासासाठी होती. 'फक्त' असं मी लिहिलं आहे. नोंद असू द्या." आणि नागोराव सगळ्यांना समजावत होते, "साहेब उगी घाबरलेत. साहेबांना समदं कळतंय. झोपतो जरा."

एवढ्यात श्यामला वर आली आणि तिने माझ्या हातातला कागद घेतला. मी तोपर्यंत त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. खरं सांगायचं तर बघायची भीती वाटत होती. कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखा सुरेख ठसा उमटला होता. मी नवं भिंग लावलं. मनात एकच होतं, पांढरा असू दे.

"पांढरा आहे," मी म्हणालो. "जरासा मळकट, पण पांढरा."

"राखाडी," वाकणकर म्हणाले.

"क्रीम," आमोद म्हणाले.

श्यामलाने कागद खिडकीपाशी नेला, उजेडात तिरका धरला, जसा ती दुकानात साडीचा पदर धरते. "कसला पांढरा? हा शेवाळी आहे. धुऊन उडालेला शेवाळी."

"पिस्ता नाही ना?" इंदुबाईंनी जवळ येऊन विचारलं.

"छे, पिस्ता यापेक्षा पिवळट असतो."

दोघींचं एकमत झालं. मी तिसरं पुस्तक पाठ केलंय, पण माझ्या घरातल्या बाईला जेवढे हिरवे माहीत आहेत तेवढे त्या पुस्तकात नाहीत. ठसा हिरवा होता. म्हणजे मला कळायला हवं होतं ते कळलं होतं. पण नागोराव उशी सारखी करत होते.

आता मला जे वाटलं ते सांगतो. लाज वाटते, पण सांगतो. अर्धा मिनिट मी भिंगच पुसत राहिलो. मी 'पांढरा' यावर ठाम राहिलो असतो तर जिना रिकामा झाला असता, माझी पदवी शाबूत राहिली असती आणि पुस्तकात लिहिलंय तेच प्रत्येक वेळी होतं असं थोडंच आहे? समोर एक दांडगा, साधा माणूस माझ्या शब्दावर डोळे मिटत होता. माझ्यावर इतका विश्वास माझ्या कचेरीत, माझ्या नात्यात, माझ्या घरात कुणी ठेवला नव्हता. आणि तोच विश्वास त्याला उठू देत नव्हता.

"नागोराव," मी म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही."

नागोरावांनी उशी सोडली.

"आँ?"

"एका नजरेत कळतं म्हणालो ते खोटं होतं. दहा नजरांतही कळत नाही. मी शिकलेला नाही. माझ्याकडे तीन पुस्तकं आहेत आणि त्यातलं एक युरोपातलं आहे. ग्रुपवर मी अंदाजाने ठोकून देतो. माझ्या भरवशावर झोपू नका. हात जोडतो तुम्हाला, उठा."

मी खरंच हात जोडले. वाकणकरांपासून सासूबाईंपर्यंत सगळे माझ्याकडे बघत होते. नागोरावांनी दिवाणावरून पाय खाली सोडले आणि चपला शोधू लागले. "मग आधी सांगायचं की, साहेब," एवढंच ते म्हणाले.

पहिल्या मजल्यावर येईपर्यंत त्यांना घाम फुटला. पार्किंगमध्ये पोहोचताच त्यांनी भिंतीला हात टेकला आणि वाकणकरांच्या स्कूटरच्या कव्हरवर दुपारचं सगळं जेवण परत केलं. वाकणकर काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हे फारच गंभीर लक्षण होतं.

कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने आधी सांगितलं की एवढ्या जवळचं भाडं घेत नाही, मग नागोरावांचा चेहरा बघून सांगितलं की कुठलंच भाडं घेत नाही. इंदुबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "चलतूस का मी चालवू? घरात यष्टीचा डायवर हाय माझ्या!" तो चालला.

हॉस्पिटलमध्ये फॉर्म होता. रुग्णाचं नाव, वय, सेवन केलेल्या पदार्थाचं नाव. मी 'अळंबी' लिहिलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "कंपनीचं नाव लिहा." मी म्हणालो, कंपनी नाही, सोसायटी आहे. त्याने सोसायटी लिहिली. पुढे रुग्णाशी नातं. तिथे मी बराच वेळ पेन धरून उभा राहिलो आणि शेवटी 'शेजारी' असं लिहिलं. विषबाधा म्हटल्यावर पोलिसांना कळवणं आलं, म्हणून तासाभरात एक हवालदार वही घेऊन आले.

"विष कुणी दिलं?"

"दिलं नाही हो. नेलं."

"म्हणजे चोरी?"

"नाही, नाही. वाटी त्यांचीच होती."

"वाटी त्यांची. मग विष कुणाचं?"

"सोसायटीच्या सामाईक जागेतलं."

हवालदारांचं पेन थांबलं. "चेअरमन कोण?"

मी नाव सांगितलं. एवढ्या संकटातही ते सांगताना मला थोडं बरं वाटलं, हे नाकारत नाही. वाकणकर अर्ध्या तासात आले, तिन्ही प्रती घेऊन, आणि पुढचा पाऊण तास हवालदारांना 'फक्त' या शब्दाचा अर्थ समजावत होते.

आत नागोराव पिवळे पडले होते. सारखं पोट आवळत होतं, हाताला सलाइन. तरुण डॉक्टरीण होत्या, त्यांच्या कोटावर ऋचा असं नाव होतं. "अंकल, एक्झॅक्टली कोणतं मशरूम होतं? काही लिव्हर खराब करणारी असतात, सिम्प्टम्स उशिरा येतात. आम्हाला माहीत असायला हवं. एक्स्पर्ट कुणी आहे का?"

बाहेर उभ्या असलेल्या आमच्या बिल्डिंगच्या पाचही माणसांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी नाही," मी म्हणालो. दिवसात दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा म्हणणं तेवढं जड गेलं नाही. "पण मी एकींना ओळखतो."

कागदाचा फोटो काढून डॉ. भाग्यश्रींना पाठवला आणि खाली लिहिलं, 'ठसा घेतला आहे. माणसाने खाल्लं आहे. मला ओळखता येत नाही. कृपया मदत करा.' पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. तो मी डॉक्टरांकडे दिला. दोघी इंग्रजीत बोलत होत्या आणि मी फक्त 'ग्रीन' हा शब्द मोजत होतो. शेवटी फोन परत माझ्या हातात आला.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "लिव्हरवाली ही नव्हे. तिचा ठसा हिरवा नसतो. पोटाचे फार हाल होतील, पण डॉक्टर लक्ष ठेवतील, पाणी कमी पडू देणार नाहीत. त्यांना आणलंत कधी?"

"खाल्ल्यावर तासाभरात."

"चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "आणि ठसा छान आलाय हो. झाकायला काय घेतलं होतंत?"

मी फोन ठेवला आणि कॉरिडॉरच्या बाकावर बसून रडलो. श्यामलाने पदराला डोळे पुसू दिले. ओरडली नाही. एरवी ती पदराला हात लावू देत नाही.

संध्याकाळी सहाला नागोरावांनी डोळे उघडले. इंदुबाई कपाळावरून हात फिरवत होत्या. मी पायाशी उभा होतो. नागोरावांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "चवीला मातर एक नंबर हुती, साहेब." इंदुबाईंनी कपाळावरचा हात काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी ते घरी आले. त्याच दिवशी फळ्यावर वाकणकरांची सूचना लागली : 'आवारात उगवलेली कोणतीही वस्तू खाऊ नये. हा नियम तज्ज्ञांनाही लागू आहे.' 'तज्ज्ञ' या शब्दाला त्यांनी अवतरण चिन्ह घातलं होतं, लाल शाईने. पेठेत बातमी फिरली. पेपर घ्यायला गेलो तर पेपरवाला म्हणाला, "काय, आज काय खायला देताय?" दुकानदार माझ्या पिशवीत वाकून बघायला लागले. ग्रुपवर मी आठवडाभर गप्प होतो. तीन पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली, वहीवरचं 'एक पाहणी' खोडलं. नमुना क्रमांक आठ आमच्या मोरीच्या जाळीपाशी उगवला, तोही मी नोंदला नाही. श्यामलाने आपणहून विचारलं, "हे बघणार नाही का तुम्ही?" मी मान हलवली.

पुढच्या रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर नागोराव, जरा उतरलेले, हातात कागदात बांधलेलं काहीतरी. मुलाच्या ऑफिसातल्या एकाने कोकणातून रानातली अळंबी आणली होती, त्यातली थोडी. त्यांनी पुडी माझ्यापुढे उघडली.

"बघा, साहेब. खायाची का?"

"नागोराव, मला कशाला विचारताय? माझ्यामुळे एवढं सगळं—"

"बघा तर."

मी वाकलो. टोपीखाली पाहिलं, देठ पाहिला, वास घेतला. वारुळावर उगवते ती असावी, असं मला वाटत होतं. शंभरातले नव्वद तरी वाटत होतं. तोंडापर्यंत नाव आलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

नागोरावांनी पुडी पुन्हा बांधली, दोन पावलं आत आले आणि ती आमच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून हात झटकले. चेहऱ्यावर समाधान.

"अहो, पण टाकलीत कशाला? वाकणकरांना तरी दाखवायची."

"समद्यांना दाखवून आलो," नागोराव म्हणाले. "खालपासून वरपर्यंत पाच जणांना विचारलं. पाचही जणांना माहीत हुतं. म्हणून म्हणलं, तज्ज्ञाला इचारावं."